एका जुन्या बातमीची दुरुस्ती

आज 20 डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. सकाळी साडेसातला बसस्टँडसमोर स्वच्छता अभियानाचं बोलावणं होतं, गेलो. तीस-चाळीस जण जमले होते. बाबांच्या फोटोला हार घातला गेला. नवे कोरे झाडू आले, काहींच्या मुठीवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. अडचण एकच झाली. नगर परिषदेच्या कामगारांनी पहाटेच रस्ता झाडून ठेवला होता, त्यामुळे झाडायला काही उरलंच नव्हतं. मग कोणीतरी बाजूच्या कडुनिंबाखालचा पाला आणून रस्त्यावर पसरवला. मी चार फोटो काढले. सव्वाआठला चहा झाला आणि घरी पोचेपर्यंत मोबाइलवर प्रेसनोट येऊन पडली होती. त्यात सतरा नावं.

मित्रहो, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. माझं घर याच प्रेसनोटांवर आणि त्या सतरा जणांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर चालतं. फळवाटप, वह्यावाटप, ब्लँकेटवाटप... वीस वर्षांत किती छापलं याचा हिशोब नाही. एका केळ्याला सहा जणांचे हात लागलेले फोटो मीच काढलेत. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवायचा अधिकार मला नाही.

बाबा आमच्याच जिल्ह्यातले. शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर. 1876 चा जन्म, 1905 मध्ये घर सोडलं. त्यानंतर पन्नास वर्षं हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांना उलटे प्रश्न विचारून त्यांचीच डोकी झाडायची. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या बायकोपोरांना मात्र झोपडीतच ठेवलं. पाया पडायला वाकलेल्या माणसाला काठी दाखवायचे. 1956 मध्ये आजच्याच तारखेला अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी प्राण सोडला. सगळी हयात रस्त्यावर काढलेला माणूस गेलाही रस्त्यावरच.

चहा पिताना हेच डोक्यात होतं. आणि रस्त्यावर मरणाऱ्यांचा विषय डोक्यात आला की मला एक माणूस आठवतो, ज्याच्याबद्दल 2016 मध्ये मी एक चुकीची बातमी छापली. तिची दुरुस्ती आजवर छापलेली नाही. पेपरात आता ती कोणी छापणारही नाही. म्हणून इथं लिहितो.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. गावातल्यांना कळेलच. त्यांनीही कमेंटमध्ये टाकू नये ही हात जोडून विनंती. मी त्यांना काकाजी म्हणतो, इथंही तसंच म्हणतो.

काकाजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, पंप, पाण्याचं घमेलं आणि भिंतीला टांगलेले जुने टायर. सायकली कमी झाल्या तसे ते मोटरसायकलचे पंक्चरही काढू लागले. आणि तीसेक वर्षांपासून गावात बेवारस मृतदेह सापडला की त्याचं शेवटचं सगळं करतात.

बेवारस मृतदेहाचं काय होतं हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. बसस्टँडवर, कालव्यात, हायवेच्या कडेला कोणी मरून पडलेला सापडतो. पोलीस मर्ग दाखल करतात, पंचनामा होतो, दवाखान्यात पीएम होतं. आम्हा पत्रकारांना फोटो आणि वर्णन येतं. 'अनोळखी इसम, वय अंदाजे 60, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा, ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.' सहा ओळी. जाहिरात जास्त आली तर त्या सहा ओळीही उद्यावर जातात. दोन-तीन दिवस वाट पाहून कोणी आलं नाही की पोलीस नगर परिषदेला पत्र देतात आणि अंत्यविधी होतो. कागदावर हे असं सरळ आहे. पण कागद मृतदेह उचलत नाही. तीन दिवसांचा, पाण्यात फुगलेला, पीएम होऊन शिवलेला देह उचलायला माणूस लागतो. तो गुत्त्यावरून आणावा लागतो आणि दारू पाजल्याशिवाय तो हात लावत नाही. त्याचा दोष नाही. मला फुकटात जमणार नव्हतं, त्याला का जमावं?

काकाजी दारू पीत नाहीत. दुकानाला फळी लावतात, पाच मीटर मांजरपाट घेतात, टालावरून साडेतीन-चार क्विंटल लाकूड सांगतात, गोवऱ्या घेतात. लाकडाचे पैसे टालवाले अर्धेच घ्यायचे, कधी घ्यायचेच नाहीत, पण त्याची वाच्यता नव्हती. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, धरत नाही. मग दुकानातले फाटके टायर-ट्यूब कापून खाली घालतात. धूर होतो, वास येतो. आजूबाजूचे बोंबलतात. दफन करायचा असेल तर त्या-त्या समाजाच्या जाणत्यांना बोलावून त्यांच्या रीतीनं. कळत नसेल तर विचारून. एवढंच.

2016 च्या उन्हाळ्यात मी त्यांच्यावर रविवारच्या पुरवणीसाठी लेख लिहिला. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला सहा प्रश्न पाठ करायला लावले होते. काय, कोण, कुठे, केव्हा, का, कसे. बातमीत सहाही पाहिजेत. पाच मला मिळाले. 'का' मिळेना.

"काकाजी, हे सुरू कसं झालं? काही घटना?"

"काई घटना नाई भाऊ. एक जण पडला होता मोरीपाशी. पोलिसायले उचलाले माणूस भेटत नोता. मी रिकामाच होतो."

"म्हणजे त्या वेळी मनात काय आलं?"

"काई नाई. जड होता."

दोन तास बसलो, तीन चहा झाले, याच्यापुढे गाडी जाईना. देव, धर्म, पुण्य, माणुसकी, सगळे शब्द मी त्यांच्यापुढे ठेवून पाहिले. त्यांनी एकही उचलला नाही. पुण्य लागत असेल का, विचारलं तर म्हणाले, "कोणाले मालूम." कंटाळून ते पंक्चर शोधायला लागले. मी तसाच लेख पाठवला.

संध्याकाळी डेस्कवरून फोन आला. लेख छान आहे, फोटो छान आहे, पण यात टर्निंग पॉइंट नाही. हा माणूस हे करतो का? वाचकाला ते कळलं पाहिजे. अर्धा तास आहे.

मला आठवलं, बोलता बोलता काकाजी म्हणाले होते की त्यांचा मोठा भाऊ तरुणपणी सुरतेला कामाला म्हणून गेला आणि तीन वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. मी ते घेतलं. लिहिलं की, 'थोरला भाऊ परगावी गेला आणि नाहीसा झाला. आई वाट पाहत राहिली. आपल्या भावाला कुठंतरी कोणी अग्नी दिला असेल का, या प्रश्नानं त्यांना झोपू दिलं नाही.' मथळा डेस्कनं दिला, 'बेवारसांचा वारस'. अर्धं पान आलं, रंगीत.

तो भाऊ तीन वर्षांनी परत आला होता. पुढच्याच गल्लीत राहतो. सोमवारी सकाळी पेपर घेऊन माझ्या घरी आला आणि म्हणाला, "काय हो पत्रकार, मले तर तुमी मारूनच टाकलं!" तो हसला, मीही हसलो, चहा झाला. विषय तिथं संपला असं मला वाटलं.

लेख खूप वाचला गेला. माझ्या आयुष्यात एखाद्या बातमीला इतके फोन आले नव्हते. मग काकाजींचे सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, मोमेंटो. ज्या मंचावर बोलावलं तिथं ते गेले, कारण नाही म्हणायची सवय नाही. बोला म्हटलं की माईकपुढे नुसते उभे राहायचे. वर्षभरात अकरा शाली झाल्या. पुढं एकदा स्मशानात मी पाहिलं, मांजरपाटावर सत्काराची शाल पांघरलेली. म्हटलं, काकाजी, ही कुठली? म्हणाले, "घरी ठेवून काय करू? चांगली गरम हाय."

खरं सांगायचं तर बातमीनं फायदाही झाला. नगर परिषदेकडून लाकडाचे पैसे जरा वेळेवर निघायला लागले. दोन तरुण पोरं मदतीला यायला लागली, त्यातला एक अजून येतो. म्हणून बातमी छापायलाच नको होती असं मला ठामपणे म्हणता येत नाही. आलं असतं तर झोप बरी लागली असती.

कारण दुसरी बाजू मला वर्षभरानंतर कळली, तीही चहाच्या टपरीवर, तिसऱ्याच्या तोंडून. लेख आला त्याच्या पुढच्या रविवारी काकाजींच्या मुलीचं साक्षगंध ठरलेलं होतं. शेजारच्या जिल्ह्यातलं स्थळ, मुलगा नोकरीवाला. गावात काकाजी काय करतात ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. बाहेरगावी माहीत नव्हतं. अर्धं पान रंगीत तिकडेही गेलं. मुलाच्या मामाचा फोन आला, तुम्ही मसणात मढी उचलता हे आम्हाला सांगितलं नाही. साक्षगंध झालं नाही. ज्या पेपरात आम्ही त्यांना देवमाणूस म्हटलं, तोच पेपर समोर ठेवून त्या घरानं नकार दिला. ती मंडळीही कदाचित गाडगेबाबांच्या फोटोला आज हार घालत असतील.

मी दुकानावर गेलो. काय बोलावं कळेना. नुसता उभा राहिलो. काकाजींनी बसायला स्टूल सरकवलं. म्हणाले, "तुमचं काम तुमी केलं भाऊ. त्यायचं त्यायनं केलं." मुलीचं लग्न पुढं दोन वर्षांनी झालं, चांगलं झालं. मी पत्रिका घेऊन आलेल्या काकाजींबरोबर लग्नाला गेलो. मुलगी माझ्याशी बोलली नाही. बोलायला पाहिजे होतं असं मीही म्हणणार नाही.

आता चूक कोणती, हे सांगतो. भाऊ मारला ती चूक लहान. 'का' घुसवला ती मोठी.

गेली काही वर्षं मी यावर विचार करतोय. आपल्याला तो 'का' इतका हवा का असतो? मला वाटतं, त्यात आपली सोय असते. त्याच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडलं म्हणून तो असा झाला, असं म्हटलं की तो वेगळा ठरतो. आपल्या आयुष्यात तसं काही घडलं नाही, म्हणजे आपण सुटलो. मी लेखात तो हरवलेला भाऊ टाकला आणि हजारो वाचकांना एका फटक्यात मोकळं केलं. मलाही. 'मोरीपाशी पडला होता, मी रिकामा होतो' असं छापलं असतं तर वाचणाऱ्याला विचारावं लागलं असतं की रिकामा तर मीही होतो.

गाडगेबाबांचंही आपण तेच केलंय. वडील दारूनं गेले, सावकारानं मामाची जमीन लाटली, म्हणून डेबूजीचे गाडगेबाबा झाले, असं शाळेच्या भाषणात पोरं दरवर्षी सांगतात. घडलं ते खरंच. पण त्या काळच्या वऱ्हाडात दारूनं बाप गेलेली आणि सावकाराकडे शेत गेलेली माणसं काय एक-दोन होती? त्यातल्या बाकीच्यांनी खराटा नाही उचलला. आणि ज्यानं उचलला त्यानं मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, असं सांगत स्वतःच्या गोष्टीला किंमतच दिली नाही. गोष्ट आपल्याला लागते. त्यांना तर पाया पडणारासुद्धा नको होता. अमरावतीला आज त्यांची समाधी आहे आणि तिथं रांग असते.

निःस्वार्थ म्हणजे काय, जगण्याचा अर्थ काय, असल्या विषयावर मी पूर्वी दिवाळी अंकात लेख लिहिलेत. छान छान शब्द होते. काकाजींना कोणी असा प्रश्न विचारला तर ते कान देऊन ऐकतील आणि हवा भरायला लागतील. त्यांना स्वार्थ नाही असंही मी आता म्हणत नाही. चिडतात. पंक्चरचे पैसे कमी दिले तर भांडतात. सख्ख्या पुतण्याशी धुऱ्यावरून दहा वर्षं अबोला आहे. मदतीला येणाऱ्या पोरानं एकदा चितेजवळ मोबाइल काढला तर त्याला असली शिवी हासडली की मी इथं लिहू शकत नाही.

2021 च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट आमच्या अमरावती जिल्ह्यात बाकीच्यांच्या आधी आली. त्या दिवसांत वारस असलेली माणसंही बेवारस झाली. मुलगा रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसून राहायचा, काच खाली करायचा नाही. नगर परिषदेच्या कामगारांसोबत काकाजी होते. तेव्हा मी एकही फोटो काढला नाही, एक ओळ लिहिली नाही. घाबरून घरात बसलो होतो हेही एक कारण आहे, उगाच मोठेपणा नको.

त्यांच्याकडे एक वही आहे, शाळेची, दोनशे पानी. प्रत्येक मृतदेहाला एक पान. तारीख, कुठे सापडला, अंगावर काय होतं. सोबत खताच्या पोत्यात छोट्या-छोट्या पिशव्या. चप्पल, ताईत, चुन्याची डबी, चष्मा. पोलिसांनी पंचनाम्यात जमा केलेलं ते वेगळं, हे जे कोणाला नको असतं ते. दोन वर्षांपूर्वी बैतूलकडचा एक मुलगा बापाला शोधत आला. पोलिसांनी त्याला काकाजींकडे पाठवलं. काकाजींनी पान काढलं, पिशवी काढली. आत एका पायातली चप्पल होती, तळव्याला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेली. मुलानं ती चप्पल छातीशी धरली आणि रस्त्यातच खाली बसला. काकाजींनी त्याला पाणी दिलं, मग जेवू घातलं, मग स्मशानात नेऊन जागा दाखवली. मी तिथं योगायोगानं होतो. ही बातमी मी दिली नाही. आज पहिल्यांदाच लिहितोय, आणि लिहिताना भीती वाटतेय की हीसुद्धा एक गोष्टच होईल.

असो. आज चहानंतर मी दुकानावर गेलो. फळी लावत होते. म्हणाले, "गाडी हाय का? पोराले ताप आला, दुसरा माणूस नाई." तीन दिवसांपूर्वी कालव्याच्या पुलाखाली एक वृद्ध सापडले होते, त्यांच्या सहा ओळी मीच छापल्या होत्या. आज कागद झाला.

वीस वर्षांत मी पहिल्यांदा हात लावला. पायाकडची बाजू धरली. काकाजींचं म्हणणं बरोबर होतं, मनात काही येत नाही. जड असतं.

लाकूड रचून झाल्यावर त्यांनी वही माझ्या हातात दिली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मी लिहिलं, 'अंगात पांढरा सदरा'. त्यांनी वाचलं आणि डोकं हलवलं. कपड्यांची पिशवी उघडून सदरा पसरला, बटणांवर बोट ठेवलं. "हे लिहा. घरचं माणूस पांढऱ्या सदऱ्यावरून नाई वळखत."

ही पोस्ट शेअर करणार असाल तर वरचं सगळं काढून टाका, खालचं तेवढं ठेवा:

अनोळखी पुरुष, वय अंदाजे 65 ते 70. उंची साधारण साडेपाच फूट, बांधा सडपातळ. उजव्या कानात छोटी बाळी. पांढरा सदरा, धोतर, कमरेला काळा करगोटा. सदऱ्याचं वरून तिसरं बटण वेगळं आहे, बायकांच्या ब्लाउजचं असतं तसं, निळ्या दोऱ्यानं घट्ट शिवलेलं, आतून गाठ मारून दोरा दातानं तोडलेला. कोणी ओळखत असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात सांगावं. सदरा जपून ठेवला आहे.